कंटेनरचं गॅरेज: गाडी आत जाईल, पण तुम्ही बाहेर कसे याल?

हायवेवर ट्रेलरवरून जाणारे लाल, निळे, तपकिरी लोखंडी डबे तुम्ही रोज बघत असाल. सध्या मोबाईलवर त्यांचे वेगळेच व्हिडिओ फिरताहेत. कुणी त्यात कॅफे काढतं, कुणी फार्महाऊस बांधतं, आणि सगळ्यात जास्त लाईक मिळतात ते "कंटेनरमध्ये गाडीचं गॅरेज" या व्हिडिओंना. तीस सेकंदांत डबा येतो, रंग लागतो, शटर वर जातं आणि आत चकचकीत गाडी दिसते. ड्रायव्हर मात्र गाडीतून उतरताना कुठेच दिसत नाही. पुढच्या वेळी असा व्हिडिओ आला की मुद्दाम लक्ष देऊन बघा.

तो का दिसत नाही, हाच आजचा विषय. गावाकडे प्लॉट असेल, शहराबाहेर बंगला असेल, नाहीतर शेतावर गाडी आणि अवजारं ठेवायला कुलूपबंद जागा हवी असेल, तर कंटेनर खरंच कामाची गोष्ट आहे. पण तो गाडीसाठी बनलेला नाही, हे सुरुवातीलाच लक्षात घेतलेलं बरं.

तो कशासाठी बनला, हे थोडक्यात सांगते. १९५६ च्या २६ एप्रिलला अमेरिकेतल्या नेवार्क बंदरातून 'आयडियल एक्स' नावाचं जहाज ५८ डबे घेऊन ह्यूस्टनला निघालं. त्यामागे माल्कम मॅक्लीन नावाचा ट्रकवाला होता. माल ट्रकमधून उतरवून जहाजात चढवायचा, परत उतरवायचा, यापेक्षा सगळा डबाच उचलला तर? एवढी साधी कल्पना. मग जगभर या डब्यांची मापं ठरली, आणि आज उरणच्या न्हावा-शेवा बंदरात उतरणारा डबा आणि सिंगापूरचा डबा एकाच मापाचे असतात. आपलं हे बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. दहा-पंधरा वर्षं समुद्राचं खारं वारं खाल्लं की शिपिंग कंपन्या डबे विकायला काढतात. ते बंदराजवळच्या यार्डात मिळतातच, शिवाय दिल्लीचं तुघलकाबाद, बंगळुरूचं व्हाईटफील्ड, हैदराबादचं सनतनगर, इंदूरजवळचं पीथमपूर अशा समुद्रापासून लांब असलेल्या ठिकाणीही कंटेनर डेपो आहेत. त्यामुळे तुम्ही वडोदऱ्यात असा की नागपुरात, कंटेनर मिळवणं ही अडचण नाही.

अडचण आहे रुंदीची

आता मोजपट्टी घ्या. कंटेनर बाहेरून ८ फूट रुंद असतो, म्हणजे २.४४ मीटर. दोन्ही बाजूंचा पन्हाळी पत्रा वजा केला की आत उरतात साधारण २.३५ मीटर. दाराची रुंदी त्याहून सेंटिमीटरभर कमी, आणि दाराची उंची २.२८ मीटर.

वॅगनआर १.६२ मीटर रुंद आहे, तीही आरसे सोडून. २.३५ मधून १.६२ गेले, राहिले ७३ सेंटिमीटर. हे दोन्ही बाजूंना मिळून. डाव्या भिंतीला अगदी खेटून, १५ सेंटिमीटरवर गाडी लावली तरी तुमच्या बाजूला ५८ सेंटिमीटर उरतात. त्यात दार उघडायचं, आणि दार आणि भिंत यांच्या फटीतून स्वतःला बाहेर काढायचं. कॉलेजला जाणारा मुलगा निघेल. त्याचे बाबा निघतीलच असं नाही. आजीला तर गाडीतून अंगणातच उतरवावं लागेल.

आणि ही झाली वॅगनआर. स्विफ्ट १.७३५ मीटरची आहे, तिला एकूण ६१ सेंटिमीटर मिळतात. क्रेटा १.७९ मीटरची, तिला ५६. स्कॉर्पिओ-एन १.९१७ मीटरची, तिला दोन्हीकडून मिळून ४३ सेंटिमीटर. तिचे आरसे दुमडले नाहीत तर आत जाताना घाम फुटेल, आणि गेल्यावर दार उघडणं विसरा. व्हिडिओतला ड्रायव्हर डिकीतून बाहेर आला असावा असा माझा अंदाज आहे.

इथे बहुतेकांच्या मनात येतं, "मग ४० फुटी घेऊ, तो मोठा असतो." मोठा म्हणजे लांब. रुंदी तेवढीच. २० फुटी आतून ५.९ मीटर लांब आणि ४० फुटी १२ मीटर, पण दोघांच्या दोन भिंतींमधलं अंतर सारखंच. 'हायक्यूब' नावाचा प्रकार असतो, तो फूटभर उंच असतो, रुंद नाही. ४० फुटीत दोन गाड्या एकामागे एक लावता येतात हे खरं, पण आतली गाडी काढायची तर बाहेरची आधी हलवावी लागणार. रात्री अडीच वाजता कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल आणि बाहेरच्या गाडीची किल्ली तिसऱ्याच माणसाच्या खिशात असेल, तर ते गॅरेज काय कामाचं?

लांबीची मात्र चिंता नको. चार मीटरच्या आतली कुठलीही गाडी २० फुटीत बसून मागे दीड-दोन मीटर जागा शिल्लक राहते. तिथे टूलबॉक्स, जुने टायर, हवा भरायचा पंप, दिवाळीचे आकाशकंदील, सगळं मावतं. वजनाचीही चिंता नको. कंटेनरची जमीन फोर्कलिफ्ट चालेल अशी बनवलेली असते. एका एक्सलवर ५ टनांहून जास्त भार टाकून तिची चाचणी होते. आपली छोटी गाडी अख्खी धरली तरी टनाच्या आसपास.

मग करायचं काय?

एक कंटेनर आणि त्यातच गाडी, असंच हवं असेल तर एक युक्ती आहे. गाडी ठरलेल्या जागी उभी केल्यावर ड्रायव्हरचं दार जिथे येतं, बरोबर तिथे कंटेनरच्या भिंतीत सव्वा मीटर रुंदीचं सरकतं दार काढायचं. गाडीचं दार त्या मोकळ्या जागेतच उघडतं आणि तुम्ही थेट बाहेर पाऊल ठेवता. कागदावर एकदम सोपं. पण मग गाडी दरवेळी त्याच जागी थांबायला हवी. त्यासाठी पुढच्या चाकासमोर जमिनीवर लोखंडी पट्टी बसवा, म्हणजे चाक तिला टेकलं की जागा आलीच. भिंत कापल्यावर त्या भोवती चौकोनी पाईपची चौकट वेल्ड करायलाच हवी, नाहीतर पत्रा लचकतो.

दुसरा मार्ग म्हणजे दोन कंटेनर शेजारी ठेवून मधल्या भिंती काढून टाकायच्या. १६ फूट रुंदीची खोली मिळते, दोन गाड्या आरामात राहतात. फोटोत हेच सर्वात भारी दिसतं, आणि लोक सर्वात जास्त फसतात तेही इथेच. कंटेनरवर कंटेनर रचतात तेव्हा भार जातो चार कोपऱ्यांच्या खांबांवर, त्यामुळे "भिंतीला काही काम नसतं" असं स्थानिक वेल्डर तुम्हाला छातीठोकपणे सांगेल. ऐकू नका. पन्हाळी भिंत हीच छताच्या कडेला आणि तळाला ताठ धरते. ती पूर्ण कापली की छताच्या कडेची बारीक नळी मधोमध झुकते, दारं घासायला लागतात आणि मग लागतच नाहीत. असं काम करायचंच असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून बीम आणि खांबांचं डिझाईन घ्या. शिवाय दोन छतांच्या मधली फट पावसाळ्यात गळणार हे ठरलेलं. सिलिकॉन भरून एखादा पावसाळा निघेल. वरून पत्र्याची टोपी बसवली तर ती टिकेल.

मला स्वतःला तिसरा मार्ग सर्वात पटतो. गाडी कंटेनरमध्ये ठेवूच नका, कंटेनरच्या बाजूला ठेवा. कोकणातल्या घरांना पडवी असते ना, तशी. एक २० फुटी कंटेनर ठेवायचा, त्याच्या लांब बाजूला १२ फुटांवर लोखंडी पाईपचे तीन-चार खांब रोवायचे आणि कंटेनरच्या वरच्या कडेपासून बाहेरच्या बाजूला उतरतं एकपाखी छप्पर टाकायचं. गाडी पडवीत, सामान आणि दुचाक्या कुलपात. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर, म्हणजे क्रेटाची दोन्ही बाजूंची दारं पूर्ण उघडून आजी सुद्धा सावकाश उतरतील. भिंत कापायची नाही, बीम घालायचा नाही.

घरात दोन गाड्या असतील आणि जागा मुबलक असेल, तर दोन कंटेनर समोरासमोर ठेवून मधल्या १८-२० फुटांवर दुपाखी छप्पर टाकता येतं. दोन्ही बाजूंना बंद खोल्या, मध्ये गाड्या, पुढे हवं तर मोठं शटर. फक्त वारा लक्षात ठेवा. असं रुंद छप्पर वाऱ्याने पंखासारखं उचललं जातं. त्याचे ट्रस कंटेनरच्या कोपऱ्यांतल्या जाड ओतीव ठोकळ्यांना बोल्टने बांधा, नुसते पत्र्याला वेल्ड करू नका. आणि कंटेनर स्वतःसुद्धा पायाला बांधलेला हवा. रिकामा २० फुटी जेमतेम सव्वादोन टनांचा असतो आणि त्याच्या भिंती म्हणजे वाऱ्यासाठी सपाट शीडच. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा तिथल्या कित्येक घरांवरचे पत्रे गेले, हे किनाऱ्यावरच्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

दुचाक्यांसाठी मात्र कंटेनर जसा आहे तसाच उत्तम. चार स्कूटर किंवा मोटारसायकली, दोन सायकली आणि भिंतीवर हेल्मेटच्या खुंट्या, हे सगळं २० फुटीत बसूनही मधून चालायला वाट राहते. ट्रॅक्टर ठेवायचा विचार असेल तर आधी सायलेन्सरच्या टोकापर्यंतची उंची मोजा. उभा सायलेन्सर दाराच्या चौकटीला अडतो, आणि हे सगळं काम झाल्यावर कळतं.

दार बाहेरूनच उघडतं

आता जो मुद्दा सांगायचा आहे तो घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. कंटेनरची मूळ दारं फक्त बाहेरून उघडतात. आतल्या बाजूला ना कडी असते ना हँडल, कारण आत माणूस असेल असं डबा बनवताना कुणी गृहीतच धरलेलं नसतं. बाहेरून दांडा पाडला की आतला माणूस आतच. भिंती पोलादाच्या, मोबाईलची रेंज आत जवळजवळ नाही, आणि एप्रिल-मे मध्ये दुपारी तो डबा भट्टीसारखा तापतो. लपाछपी खेळणाऱ्या मुलांना यापेक्षा भारी जागा दिसत नाही.

म्हणून रंगाआधी, शटरआधी, लाईटआधी तीन कामं करा. एक छोटं दार असं बसवा जे आतून किल्लीशिवाय उघडतं. मूळ दारं वापरात ठेवणार असाल तर फॅब्रिकेटरकडून आतून दांडे सोडवता येतील अशी सोय करून घ्या, किंवा दारं उघडीच राहतील असे हूक लावा. आणि वापर नसेल तेव्हा कंटेनर कायम कुलूपबंद ठेवा, "आत्ता येते पाच मिनिटांत" असं म्हणून उघडा टाकून जाऊ नका. रोलिंग शटर लावलं तरी त्याला आतून उचलायची मूठ आहे ना, ते बघा.

याच्या जोडीला हवा. गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि बंद जागेत तो काही मिनिटांत जीवघेणा होऊ शकतो. कंटेनर तर बनवलाच आहे हवाबंद राहायला. त्याच्या भिंतीवर जी बारकी प्लास्टिकची जाळी दिसते ती मालाला दमट वास येऊ नये एवढ्यापुरती, माणसासाठी नाही. आत गाडी सुरू करून "इंजिन जरा गरम होऊ दे" हा प्रकार अजिबात नको. सुरू केली की लगेच बाहेर. लाईट गेले म्हणून जनरेटर आत ठेवून चालवणं तर त्याहून वाईट.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते. त्यामुळे झरोके दोन पातळ्यांवर हवेत, भिंतीच्या तळाशी समोरासमोर आणि वर छताजवळ. कारखान्यांच्या छतावर वाऱ्याने फिरणारे गोल पंखे दिसतात ना, तसा एक वर बसवला की विजेशिवाय हवा खेळती राहते. सगळ्या झरोक्यांना बारीक लोखंडी जाळी लावा, कारण पावसाळ्यात उंदीर गाडीच्या वायरी कुरतडतात आणि ते बिल हजारोंत येतं. गांधीलमाश्यांनाही कंटेनरच्या तळाचे खाचे फार आवडतात, वर्षातून दोनदा वाकून बघत जा.

इलेक्ट्रिक स्कूटर किंवा कार आत चार्ज करणार असाल तर घरापासून वेगळी लाईन ओढा, गळतीचा करंट तोडणारा ब्रेकर बसवा आणि कंटेनरच्या अंगालाच अर्थिंग करा. चारही बाजू लोखंडाच्या आहेत, वायरचं एक साल निघालं तर सगळा डबा करंट मारेल. चार्जिंग चालू असताना दार किंवा शटर उघडं ठेवा.

घाम, गंज आणि ऊन

कंटेनरला घाम फुटतो. हे मी गमतीने म्हणत नाही, जहाजवाल्यांच्या भाषेत त्याला कंटेनरमधला पाऊसच म्हणतात. ओली गाडी आत आणली, तिच्यावरचं पाणी वाफ होऊन हवेत मिसळलं, रात्री पत्रा थंड झाला की ती वाफ छताला आतून चिकटते आणि टपटप खाली पडते. बाहेर पाऊस थांबलेला असतो आणि आत गाडीवर पागोळ्या! कोकण, गोवा, मंगळुरू अशा दमट हवेत हे जून ते सप्टेंबर रोज होईल. झरोक्यांमुळे बरंच कमी होतं. उरलेल्यासाठी छताला आतून पफ किंवा रॉकवूलचा थर द्या.

नागपूर, इंदूर, हैदराबाद, दिल्लीकडच्या वाचकांचा प्रश्न उलटा, ऊन. पांढरा उष्णतारोधक रंग फरक पाडतो, पण सर्वात चांगला उपाय म्हणजे कंटेनरच्या वर फूटभर मोकळी जागा सोडून दुसरं पत्र्याचं छप्पर. मधून वारा वाहतो आणि ऊन मूळ छतापर्यंत पोचतच नाही. ते छप्परही कोपऱ्यांवरच टेकवा. कंटेनरच्या छताची चाचणी ६० बाय ३० सेंटिमीटर जागेवर ३०० किलो अशी होते. वर चढून दोन माणसं काम करू शकतात. पण "जागा रिकामीच आहे तर पाण्याची टाकी ठेवू" हा विचार डोक्यातून काढा. हजार लिटर म्हणजे एक टन.

पत्रा कॉर्टेन स्टीलचा असतो, साध्या लोखंडापेक्षा कमी गंजतो. पण जिथे कापता, वेल्ड करता, तिथे तो उघडा पडतो. त्याच दिवशी प्रायमर मारा, "रविवारी बघू" नको.

खाली जमीन असते २८ मिलीमीटरच्या प्लायवूडची. त्याला कीड लागू नये म्हणून बनवतानाच औषध पाजलेलं असतं, आणि दारावरच्या धातूच्या पाटीवर त्याची नोंद असते. गॅरेजसाठी हे चालतं, पण मुलांनी तिथे अंग टाकून खेळू नये आणि कापलेले तुकडे चुलीत किंवा शेकोटीत जाळू नका. वर खडबडीत चेकर्ड प्लेट टाकलीत तर ऑईल प्लायवूडमध्ये मुरणार नाही आणि औषधाचा संबंधही येणार नाही.

उताराचं गणित आणि कागदपत्रं

कंटेनर जमिनीवर तसाच टेकवला तर खालून गंजतो आणि पहिल्या जोरदार पावसात पाणी आत येतं. म्हणून चार कोपऱ्यांखाली काँक्रीटचे ओटे करतात. समजा ओटा फूटभर उंच. कंटेनरची स्वतःची जमीन तळापासून आणखी साधारण अर्धा फूट वर. म्हणजे गाडीला दीड फूट चढायचं आहे. आठास एक असा उतार धरला तर दीड फुटाला १२ फूट रॅम्प लागतो. त्याहून उभा केलात की गाडीचं पोट वरच्या कडेला घासतं. २० फूट कंटेनर, १२ फूट रॅम्प, वर गाडी वळवायला जागा. तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर हे बसतं का, ते आजच पावलांनी मोजून बघा. पडवीच्या पद्धतीत गाडी जमिनीवरच राहते, रॅम्पची भानगडच नाही. मला ती आवडायचं हे अजून एक कारण.

परवानगीचं बोलू. "त्याला पाया नाही, तो कधीही उचलता येतो, मग परवानगी कशाला?" असं विकणारा म्हणेल. पण ओट्यावर ठेवून, वीज जोडून, छप्पर टाकून तुम्ही वापरणार असाल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिका त्याला बांधकाम मानू शकते, आणि प्लॉटच्या कडेला सोडायच्या जागेत ठेवलात तर शेजारी तक्रार करू शकतो. आधी अर्ज देऊन लेखी उत्तर घ्या. सोसायटीच्या मोकळ्या पार्किंगमध्ये कंटेनर ठेवायचा विचारच नको, ती जागा सगळ्यांची असते.

खरेदीचे कागदही नीट बघा. परदेशी कंपन्यांचे कंटेनर ठरावीक मुदतीत परत बाहेर न्यायचे या अटीवर कस्टम ड्युटी न भरता देशात येतात. तो इथेच विकायचा असेल तर ड्युटी भरलेली हवी. म्हणून जीएसटीचं बिल आणि ड्युटी भरल्याचा कागद, दोन्ही कंटेनरच्या नंबरसकट मागा. नंबर दारावर असतो, चार इंग्रजी अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी चौकटीत एक आकडा. बिलावरचा आणि दारावरचा नंबर जुळवा. त्याच्याच खाली चार खुणांचा एक कोड दिसेल. '२२जी१' म्हणजे साधा २० फुटी, '४२जी१' म्हणजे साधा ४० फुटी आणि '४५जी१' म्हणजे ४० फुटी हायक्यूब. यार्डवाला हायक्यूबचे पैसे घेऊन साधा टेकवतो आहे का, ते या एका कोडवरून कळतं.

आणि विकत घेण्याआधी एक परीक्षा जरूर करा. दुपारच्या उन्हात कंटेनरमध्ये उभे राहा आणि बाहेरच्या माणसाला दारं लावायला सांगा. बाहेरचा माणूस आपला, ओळखीचा असू द्या, वर सांगितलेला दाराचा मुद्दा इथेही लागू आहे! आत अंधार झाला की छताकडे बघा. जिथे उजेडाचे ठिपके दिसतील तिथून पाणी येणार. मग बाहेर या, दारांचे रबर बघा, तळाखाली वाकून आडव्या पट्ट्या किती गंजल्या आहेत ते बघा. वरचा रंग चकाचक आणि तळ कुजलेला, असे डबे यार्डात हमखास असतात.

खर्चाचा हिशोब मांडताना डब्याची किंमत हा फक्त पहिला आकडा आहे. ट्रेलरचं भाडं, उतरवायला हायड्रा, ओटे, कापकाम आणि वेल्डिंग, शटर, रंग, वायरिंग, वरचं छप्पर, हे सगळं एका कागदावर लिहा. आणि त्याच कागदाच्या दुसऱ्या बाजूला पाईप आणि रंगीत पत्र्याच्या साध्या शेडचं कोटेशन लिहा. फक्त गाडीला ऊन-पाऊस लागू नये एवढंच हवं असेल तर शेड जवळजवळ नेहमीच स्वस्त पडते. कंटेनरचे पैसे वसूल होतात ते कुलूप हवं असेल तेव्हा. शेतावरचे पंप, वायरी, अवजारं चोरीला जातात तिथे, वर्षातले आठ महिने बंद असणाऱ्या घरी, किंवा उद्या जागा बदलायची आहे आणि गॅरेज सोबत न्यायचं आहे अशा भाड्याच्या जमिनीवर.

ठरलंच तर डबा येण्याच्या आदल्या दिवशी रस्ता एकदा चालून बघा. ट्रेलरला गल्लीत वळता येतं का, वर विजेच्या तारा किती खाली आहेत, हायड्राचा पट्टा फिरायला झाडाची फांदी आडवी येते का. आणि डेपोत डबा ट्रेलरवर चढवायच्या आधीच ड्रायव्हरला फोन करून सांगा की दारं कुठल्या दिशेला हवी आहेत. दारं केबिनकडे तोंड करून आली आणि तुमच्या अंगणात ट्रेलर फिरवायला जागा नसली, तर गॅरेजचं तोंड कुंपणाकडे होतं. ओट्यांवर ठेवल्यावर हायड्रावाल्याला लगेच सोडू नका. आधी दोन्ही दारं स्वतः उघडून, लावून बघा. घासत असतील तर एखादा कोपरा खाली आहे, तिथे लोखंडी पट्टी सरकवून घ्या, आणि दारं एका हाताने लागली की मगच हायड्रावाल्याचे पैसे द्या.